अल्कलाइन फॉस्फेटेज कामच करत नाहीये, मदत हवी आहे (तातडीचं)

उतावीळ
प्रयोग तीनदा केला. पिवळा रंग येतो पण अगदी फिकट, 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजला तर रीडिंग जेमतेम हलतं. एन्झाइम नवीन, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) ताजा. सबस्ट्रेट वाढवला की रीडिंग जरा वाढतं. उद्या रिपोर्ट द्यायचाय. काय चुकतंय?

निरीक्षक
तापमान? पीएच? एन्झाइम कशातलं?

उतावीळ
37 अंश. वासराच्या आतड्यातलं. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) नेहमीचाच.

बर्फवाला
एन्झाइम बाहेर राहिलं असणार. माझं एकदा तासभर टेबलावर राहिलं आणि पार वाया गेलं. कायम बर्फातच ठेवा.

जीवरसायन
दुसरं असेल तुमचं. हे 37 अंशांवर आरामात टिकतं. उतावीळ, "नेहमीचा" म्हणजे कोणता बफर?

उतावीळ
फॉस्फेट, 7.4. सगळ्या प्रयोगांना तोच वापरतो.

जीवरसायन
मग घोळ तिथेच आहे! हे एन्झाइम सबस्ट्रेटवरचा फॉस्फेट तोडतं, म्हणजे फॉस्फेट हे त्याचंच उत्पादन. ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे सबस्ट्रेट बसतो त्या खाचेत, तो छान बसतो. तुमच्या नळीत तो आधीच ठासून भरलाय, सबस्ट्रेटला शिरायला जागाच नाही. सबस्ट्रेट वाढवल्यावर रीडिंग वाढलं ते यामुळेच, स्पर्धात्मक रोधकाची हीच खूण. केएम (निम्मा कमाल वेग गाठायला लागणारा सबस्ट्रेट) वाढतो, व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो. शिवाय या एन्झाइमला पीएच 10 च्या आसपास लागतो, आणि सबस्ट्रेट तुटून निघणाऱ्या नायट्रोफेनॉलचा पिवळा रंगही 7.4 ला पुरता खुलत नाही. ट्रिस बफर घ्या, पीएच 9, चिमूटभर मॅग्नेशियम क्लोराइड.

कुलूपकिल्ली
थोडक्यात, चुकीची किल्ली कुलपात अडकली.

निरीक्षक
कुलूप-किल्लीची ती उपमा रसायनशास्त्रज्ञ फिशरची, 1894 ची. 1958 मध्ये कोशलंडने मांडलं की सबस्ट्रेट आला की साइटच आकार बदलते.

कुलूपकिल्ली
पण इथे समजायला तीच सोपी पडते ना!

ग्लुकोजप्रेमी
एन्झाइमच्या नियंत्रणाचा विषय निघालाच आहे तर ग्लुकोज मोडण्यातलं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम बघाच. एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) त्याचा सबस्ट्रेट, आणि जास्त झाला की तोच दुसऱ्या जागी बसून त्याला मंदावतो. एएमपी (ऊर्जा कमी पडल्याची खूण) वाढला की पुन्हा वेग. पेशीला ऊर्जा पुरेशी आहे की नाही, हे एन्झाइमलाच कळतं!

जीवरसायन
सुंदर आहे, पण वेगळा धागा काढा. उतावीळ, ट्रिसच्या बाटलीवर "टीई" लिहिलेलं नाही ना, बघा. त्यात ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असतं, ते साइटमधलं झिंक ओढून घेतं आणि एन्झाइम खरंच बंद पडतं.

उतावीळ
बापरे, हातात टीईचीच बाटली होती! साधं ट्रिस घेतलं. पहिल्याच मिनिटात नळी पिवळीधमक. आता रीडिंग फारच वर जातंय, एन्झाइम किती पट पातळ करू?

निरीक्षक
आत्ता किती घातलंय?