‘कर्नलमधील भेद्यता’ला मराठीत काय म्हणाल?

ठाण्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकांचं काम आमच्याकडे आहे. मी ऐरोलीला बसतो. गेल्या महिन्यात त्यांच्या लिनक्स मशिनवर कर्नलचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या सगळ्यात आतल्या भागाचा, सुरक्षा पॅच (चूक दुरुस्त करणारा बदल) टाकायचा होता. शाखेतली मंडळी मराठीतच वाचतात, म्हणून सूचना मराठीत लिहिली: ‘कर्नलमधील भेद्यतांचे निराकरण करण्यासाठी सुरक्षा अद्यतन करण्यात आले आहे. सोमवारी काम सुरू करण्यापूर्वी संगणक पुनरारंभित करावेत.’

सोमवारी सकाळी कॅशियर ताईंचा फोन आला. “दादा, ते कर्नल साहेब कधी येणार आहेत? मॅनेजर विचारतायत.” मी इथून पाहिलं, तर सातपैकी एकही मशिन रिस्टार्ट झालेलं नव्हतं. ताईंचं काहीच चुकलं नाही. मराठीत कर्नल म्हणजे फौजेतला अधिकारी, आणि ‘पुनरारंभित’ कुणाच्या तोंडी असतं?

चूक कुठे होती ते नंतर ध्यानात आलं. मी इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द शोधला. काय बिघडलंय आणि समोरच्यानं काय करायचंय, ते सांगितलंच नाही. म्हणून इथे विचारतो. कर्नल, भेद्यता (इंग्रजीतली vulnerability, जिच्यातून घुसखोर आत शिरू शकतो ती चूक) आणि पॅच, या तिघांना तुम्ही काय म्हणाल?

कर्नलसाठी मला ‘गाभा’ पटतो. इंग्रजीतही तो शब्द बियांच्या आतल्या गरावरून आलाय. शिवाय गाभा आणि गाभारा दोन्ही ‘गर्भ’ वरूनच. बाकीचे प्रोग्राम सभामंडपात उभे असतात. मेमरी हवी, डिस्कवरची फाइल हवी, की आतल्याला विनंती करायची. गाभ्यात शिरलेल्याला मात्र अडवणारं कुणी उरत नाही, म्हणून तिथली चूक इतर कुठल्याही चुकीपेक्षा महाग पडते.

प्रतिसाद

‘गाभा’ उत्तम. ‘भेद्यता’ मात्र सोडा. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘ता’ लागला की तो गुण होतो, मोजता येत नाही. तुम्ही लोक तर त्या मोजता, त्यांना नंबर देता. ‘तीन भेद्यता सापडल्या’ हे वाक्य कानाला खटकतं.

आपल्याकडे ‘वर्म’ आहे की! दुर्योधनाचं सगळं अंग वज्राचं, मांडी तेवढी कच्ची. ते त्याचं वर्म. वर्म असतं पहिल्यापासून, पण कुणाला ठाऊक होईपर्यंत काही होत नाही. एकदा कळलं की घाव नेमका तिथेच बसतो. वर्मी लागणं, वर्मावर बोट ठेवणं, एकाच शब्दात सगळा संसार आलाय. (संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत. मराठीत तो मर्माच्या अर्थानं चालतो. उलटापालट झालेली आहे खरी.)

मूळ प्रश्नकर्ता

बाई, ‘वर्म असतं पहिल्यापासून’ हे अगदी नेमकं. २०१६ साली ‘डर्टी काऊ’ नावाचं वर्म उघड झालं, ते कर्नलमध्ये २००७ पासून होतं. नऊ वर्षं ते जगभरच्या सर्व्हरांत आणि फोनांत नांदत होतं आणि सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसत होतं. आमच्या आपसांतल्या बोलण्यात मी वर्मच वापरीन. शाखेतल्या सूचनेत मात्र ‘फट’ म्हणेन. फट म्हटलं की ती बुजवायची असते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘पॅच’ ला आमच्या टीममधली पोरं ‘ठिगळ’ म्हणा म्हणतात. इतिहास पाहिला तर ते बरोबर आहे. हार्वर्ड मार्क १ या सुरुवातीच्या संगणकाच्या काळात प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. चुकीच्या भोकांवर खरंच कागदाचे तुकडे चिकटवत. तरी मन घेत नाही. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, हेच आठवतं.

प्रतिसाद

माझे वडील जांभळी नाक्याजवळ रफूचं काम करायचे, म्हणून लिहितो. ठिगळ, रफू आणि टाका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिगळ म्हणजे वरून दुसरा तुकडा. भोक खाली तसंच राहतं. रफू म्हणजे त्याच कापडाचे धागे काढून भोक विणून काढायचं, बोट फिरवलं तरी कळता कामा नये. आणि शिलाई करताना एखादा टाका राहून गेला असेल, तर ना ठिगळ लागत ना रफू. राहिलेला टाका घालायचा, बस्स. तुमच्या पॅचमध्ये यातलं नक्की काय होतं?

मूळ प्रश्नकर्ता

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. काल ठाण्याला परतताना गाडीत हाच विचार करत होतो.

मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ नावाचं लिनक्स कर्नलमधलं वर्म जाहीर झालं. मॅक्स केलरमान या प्रोग्रामरकडे लॉगच्या (नोंदींच्या) फाइली बिघडल्याच्या तक्रारी येत होत्या. त्यांचा माग काढत तो कर्नलपर्यंत पोचला. पाइप म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी नळी. तिच्यासाठी कर्नल जो बफर (मेमरीतली तात्पुरती जागा) वापरतो, त्यावर काही खुणा असतात. बफर पुन्हा वापरायला घेताना त्या खुणा पुसायच्या राहून जात होत्या. जुनी खूण तशीच राहायची आणि तिच्या आधारे साधा वापरकर्ताही, जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तिच्यात लिहू शकायचा. पासवर्डांच्या फाइलीतसुद्धा.

आणि दुरुस्ती? दोन फंक्शनांत (प्रोग्रामच्या छोट्या भागांत) एकेक ओळ: खुणा शून्य करा. म्हणजे तुमच्या भाषेत दोन राहिलेले टाके! कापड कुठेच फाटलेलं नव्हतं. पॅचमध्ये येतातही अशाच ओळी, वजा चिन्हाच्या काढायच्या, अधिक चिन्हाच्या घालायच्या. मग सगळा गाभा नव्यानं कंपाइल होतो (लिहिलेल्या ओळींवरून चालणारा प्रोग्राम पुन्हा बनतो), वर तुकडा डकवलेला नसतो. ‘ठिगळ’ इथे चुकतंच.

प्रतिसाद

पण लाइव्ह पॅचिंगचं, म्हणजे मशिन बंद न करता चालू कर्नललाच पॅच लावण्याचं काय? एप्रिल २०१५ च्या लिनक्स ४.० पासून ते कर्नलमध्येच आहे. त्यात जुनं फंक्शन मेमरीत जागच्या जागी राहतं. त्याच्या तोंडाशी वळण देऊन हाक नव्या फंक्शनकडे पाठवतात. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामासाठी वाहतूक वळवतात तसं. हे टाक्यात बसत नाही, ठिगळातही नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मान्य, तिथे ‘वळवणे’च म्हणावं. आमच्या या मशिनवर ती सोय नाही, रिस्टार्टला पर्याय नाही. आणि माझ्या मते खरी मेख नामात नाहीच, क्रियापदात आहे. पॅच *लावला* आणि पॅच *लागू झाला*, यांत मराठी आपसूक फरक करते. औषध दिलं म्हणजे लागू पडलं असं नाही. नवा कर्नल डिस्कवर उतरवून ठेवला तरी मशिन पुन्हा सुरू होईपर्यंत मेमरीत जुनाच चालत असतो, वर्मासकट. ‘अद्यतन करण्यात आले’ या माझ्या वाक्यानं हाच फरक पुसून टाकला होता.

विंडोजवाल्यांनीही हा फरक पाहिलाय. विंडोजमधल्या एका फटीसाठी मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्च २०१७ मध्ये निघाला. त्याच जूनच्या २७ तारखेला नॉटपेट्या या घातक प्रोग्रामचा हल्ला झाला आणि इथे न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. पॅचनं बंद होणारी वाट ही नॉटपेट्या पसरण्याच्या वाटांपैकी एक होती. पॅच निघून तीन महिने झाले होते. जगभर कितीतरी मशिनवर तो पॅच लागलेला नव्हता.

मूळ प्रश्नकर्ता, दोन आठवड्यांनी

पुढचा पॅच आला तेव्हा ही सूचना पाठवली:

‘तुमच्या संगणकाच्या गाभ्यात एक फट सापडली आहे. तिच्यातून बाहेरचा माणूस खात्यांपर्यंत पोचू शकतो. ती बुजवायची तयारी आम्ही रात्री करून ठेवली आहे, पण संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय फट बुजणार नाही. सोमवारी आल्याबरोबर एवढं करा.’

सव्वादहाला ताईंचा फोन. “दादा, सातही केले. बुजली का बघा.” एकेका मशिनवर चालू कर्नलचा आवृत्तीचा आकडा पाहिला. सहावर नवा, एकावर जुनाच. विचारलं तेव्हा कळलं, त्या काउंटरवर फक्त स्क्रीनचं बटण बंद-चालू केलं होतं. आता ‘संगणक’ च्या जागी ‘टेबलाखालचा सीपीयू’ लिहिलंय.