‘सस्पिरिया’चे रंग म्हणे फिल्टरने होतात!

रीळमास्तर:
परवा ‘सस्पिरिया’बद्दल (दारिओ अर्जेंतोचा इटालियन भयपट, १९७७) इथे वाचलं : “कथा शून्य, संवाद बालिश, लाल-निळे दिवे आणि भयाण डबिंग. असले रंग मोबाइलच्या फिल्टरने दोन मिनिटांत होतात.”

कथा सोडून देऊ. पण फिल्टर? तो अख्ख्या चित्रावर सारखा बसतो. छायालेखक लुचानो तोवोलीने रंगीत कापड आणि टिश्यू ताणलेल्या चौकटी प्रखर दिव्यांपुढे, नटांच्या तोंडाजवळ लावल्या होत्या. रंग प्रकाशातच होता. पुढे प्रिंट टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफरने निघाली: निगेटिव्हवरून तीन मॅट्रिक्स (रंग शोषून घेणाऱ्या, ठशासारख्या फिल्म), एकेक पिवळ्या, मॅजेंटा, सायन रंगात भिजवून कोऱ्या फिल्मवर दाबायची. एक जरी केसभर सरकली तरी कडांना रंगीत झालर.

कोकमसरबत:
+१. तीन पट्ट्यांच्या (एकेका रंगाला वेगळी फिल्म) जुन्या टेक्निकलर कॅमेऱ्यावर शूट झालाय ना, म्हणून.

रीळमास्तर:
नाही हो! ही अफवा कधी मरणार? शूटिंग साध्या, एकाच पट्टीच्या ईस्टमन कलर निगेटिव्हवर. टेक्निकलर फक्त प्रिंटला.

शेवटची_रांग:
ते “परवा वाचलं” माझंच. तंत्राचं प्रवचन छान, पण ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, त्याचं काय? त्यातल्या उडो कीअर या नटाला तर दुसऱ्याचाच आवाज.

बाल्कनी_तिकीट:
इटलीत तेव्हा आवाज नंतरच भरत. आपल्याकडे काय वेगळं होतं? खडखडणारा ॲरी टू-सी कॅमेरा, मग स्टुडिओत दृश्याचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवत (लूप) डबिंग. ‘लगान’ (२००१) सिंक साउंडवर (आवाज सेटवरच टिपून) झाला तेव्हा केवढं कौतुक झालं, विसरलात?

शेवटची_रांग:
तुलनाच चुकीची. हिंदीत नट पडद्यावर बोलतो तीच भाषा पुन्हा बोलतो, बहुधा स्वतःच. इथे सेटवर कुणी इंग्रजी, कुणी जर्मन, कुणी इटालियन. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. तिथे उघडे दिसले की संपलं. याला “स्वप्नवत” म्हणणं म्हणजे करपलेल्या भाजीला स्मोकी म्हणणं.

बाल्कनी_तिकीट:
इंग्रजी आवृत्तीत नायिका जेसिका हार्परचे ओठ बघा, जुळतात. तिचा स्वतःचा आवाज आहे. इटालियन ट्रॅक लावून बसला असाल तर दोष कुणाचा? आणि आवाज नंतर भरायचा म्हणूनच सेटवर गॉब्लिन या रॉक बँडचं संगीत कर्कश वाजवत शूटिंग करता आलं. त्यात तबलाही आहे, पण आपल्याकडच्या परीक्षणांत त्याचा उल्लेख कधी नसतो. असो.

रीळमास्तर:
बालिश संवादांचं कारणही आहे. मूळ कल्पनेत नृत्यशाळेतल्या मुली जेमतेम बारा वर्षांच्या. निर्माते, म्हणजे दारिओ अर्जेंतोचे वडील साल्वातोरे, नको म्हणाले. वय वाढवलं, संवाद तसेच ठेवले. दारांच्या मुठी डोक्याच्या उंचीवर बसवल्या, म्हणजे मोठ्या मुलीही लहान दिसाव्यात. पुन्हा बघाल तेव्हा दारं बघा.

शेवटची_रांग:
मुठींचं माहीत नव्हतं, मान्य. फिल्टरवालं वाक्य मागे. डबिंग भयाणच. आणि माझ्या टीव्हीवर लाल भिंत म्हणजे नुसता टोमॅटो सॉस दिसतो, तीही अर्जेंतोची कला का?

रीळमास्तर:
ती तुमच्या ‘व्हिव्हिड’ मोडची कला. लाल चॅनल कमाल मर्यादेला आपटतो आणि भिंतीवरची नक्षी गिळतो. सिनेमा मोड, वॉर्म टेम्परेचर, कलर ५०च्या आसपास, मोशन स्मूदिंग बंद. डिस्क सिनॅप्स कंपनीच्या २०१७च्या फोर-के रिस्टोरेशनची घ्या. तिच्यात १९७७चं चार ट्रॅकचं इंग्रजी मिक्स आहे. ते दोन स्पीकरांत कोंबलं तर मागची कुजबुज पुढच्या गोंगाटात बुडते.

शेवटची_रांग:
म्हणजे आता चार स्पीकरही माझ्याच खर्चाने.