मदत हवी आहे: अ‍ॅडव्हायजरचं पत्र मिळत नाहीये, कोर्स कसा सोडू?

अमेरिकेत बीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर. या सेमिस्टरला नेमके 12 क्रेडिट घेतलेत. त्यातला गणिताचा कोर्स माझ्या तयारीच्या फार पुढचा आहे. तो सोडला की 9 उरतात, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या किमान 12 पेक्षा कमी, म्हणून आधी डीएसओची (विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसा स्टेटस बघणारे अधिकारी) मंजुरी लागते. ते म्हणतात, कोर्सची पातळी चुकली असं अ‍ॅडव्हायजरकडून लेखी आणा. मेल केले, ऑफिस अवर्सना गेले. सर ‘बघू’ म्हणतात. ट्यूटरिंगही लावून पाहिलं. दुसरा कोर्स घ्यायची मुदत संपलीय. मंजुरीआधी सोडला तर व्हिसा स्टेटसच जाईल, त्यामुळे तो सल्ला नको.

हे पत्र विभागातल्या दुसऱ्या अ‍ॅडव्हायजरकडून किंवा विभागप्रमुखांकडून कोणी घेतलंय का? सरांना न दुखावता तसं कसं विचारायचं?