नदीत गाळ बसला तर आधी तळ सुधारायचा की मत्स्यबीज सोडायचं?

नदीकाठचा_ठाणेकर
अमेरिकेत मिझुरी राज्यात टॉम सॉक या उदंचन प्रकल्पाचा (पाणी पंपानं वर चढवायचं, मग खाली सोडून वीज करायची) डोंगरावरचा जलाशय 14 डिसेंबर 2005 ला पहाटे फुटला. पातळी मोजणारी यंत्रं जागची हलली होती, त्यामुळे पंप पाणी चढवतच राहिले. 5 अब्ज लिटरच्या आसपास पाणी झाडं, माती, दगड ओढत ब्लॅक नदीच्या पूर्व फाट्यात उतरलं. माणूस एकही दगावला नाही. पण पात्र बुजलं, खालचं पाणी गढूळलं, आणि नदीचा मार्ग आखून डोह-उथळ नव्यानं घडवावे लागले. आपल्याकडे कर्जतजवळच्या भिवपुरीच्या 1000 मेगावॉट उदंचन प्रकल्पाचा करार 2023 ला झालाय. उद्या तिथे असं काही झालं तर नदीचा तळ पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीकडून आधीच लिहून घ्या. मत्स्यबीज सोडून फोटो काढणं ही भरपाई नव्हे.

कळव्याचा_खवय्या
उगाच घाबरवू नका. तो जुना बांध दगडांच्या भरावाचा होता, नंतर रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचा बांधला. आपल्या शहापूरकडचं घाटघर उदंचन धरण पहिल्यापासून त्याच काँक्रीटचं, देशात तसं पहिलंच. शिवाय आपला पावसाळा! दोन जुलै गेले की गाळ खाडीत.

नदीकाठचा_ठाणेकर
पूर वरचा गाळ नेतो. गोट्यांच्या फटीत बसलेली चिकणमाती तशी निघत नाही. फटीत हवा खेळली नाही की अंडी गुदमरतात, किडे मरतात, मग पिल्लांनी खायचं काय?

शहापूरची_सून
अंडी काय सगळी गोट्यांतच असतात का हो? वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात, मासे चढून भातखाचरात येतात, तिथेच अंडी घालतात. आमच्याकडचे सासरे तुमचं गोट्यांचं पुराण ऐकून हसतील. आणि डोह घडेपर्यंत जाळंवाल्यांनी घर कशावर चालवायचं? बी सोडा, पहिल्या वर्षीच सोडा.

नदीकाठचा_ठाणेकर
वलगणीचं मान्य, ताई. पण महसीर मासा खाचरात येत नाही, त्याला वाहतं पाणी आणि गोटेच लागतात. आणि वलगणीचे मासे मे महिन्यात कुठे राहणार? डोहातच ना? तो गाळानं भरला तर जूनमध्ये चढायला उरतं कोण? जाळंवाल्यांना रोख भरपाई द्या, ती बियाण्यात मोजू नका.

कळव्याचा_खवय्या
रोख भरपाई कोणाच्या हातात पडते ते ठाऊक आहे. बी निदान नदीत तरी पडतं.

शहापूरची_सून
तेही रोहू-कटलाचंच पडतं. वाम, शिंगटी या आपल्या नदीतल्या माशांचं बी कोण आणतंय?