मदत हवी आहे: गुदद्वाराची तपासणी सांगली-मिरजेत कुठे होते?

नाव न देता विचारतोय, समजून घ्या. वय ४१, एचआयव्ही आहे, एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही. पण गोळ्या उशिरा सुरू झाल्या, तेव्हा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) दोनशेच्या खाली होता. त्यात सिगारेट, तीही अजून सुटलेली नाही. एचपीव्ही १६ (कर्करोगाशी जोडलेला विषाणूचा प्रकार), एकदा खूप घसरलेला सीडी४, धूम्रपान, पुरुषांशी संबंध यांमुळे गुदद्वारात कर्करोगाआधीचे बदल होण्याचा धोका वाढतो, असं वाचलं. एचआयव्ही असलेल्यांवरच्या २०२२ च्या अँकर अभ्यासात अशा तीव्र बदलांवर वेळीच उपचार केल्याने कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. इथे मात्र डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याधीचं मलम लिहून दिलं! मिरजेत, नाहीतर पुण्यात, स्वॅब (पेशींचा नमुना) आणि हाय रिझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपी (भिंगातून गुदद्वाराची आतून तपासणी) कोण करतं? तोंड वाकडं न करणारा डॉक्टर माहीत असेल तर आधी तोच सांगा.