वाडीतील घरांना कुलपे आणि पुस्तकात लोकसंख्यावाढ: वर्गात काय सांगावे?

खाडीकाठचा शिक्षक (गुहागर तालुका)

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मानवी प्रजननाचा पाठ आणि त्याला जोडून येणारा लोकसंख्यावाढीच्या परिणामांचा भाग शिकवताना दरवर्षी एक अडचण जाणवते. यंदा ती एका विद्यार्थिनीने उघड बोलून दाखवली. वाढत्या लोकसंख्येमुळे अन्न, पाणी, घरे आणि रोजगार यांवर ताण पडतो, असे मी फळ्यावर लिहीत असताना तिने विचारले, "सर, आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे. मग वाढ झाली कुठे?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न रास्त होता. तिच्या वाडीतील प्राथमिक शाळेचा पट इतका घसरला आहे की पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी मुले एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर बसतात.

आपल्याकडची लोकसंख्या मुले कमी जन्माला येतात म्हणून घटली, की माणसे निघून जातात म्हणून? रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आहेत, याचा अर्थ इथे मुली अधिक जन्मतात असा मुले लावतात. तो बरोबर आहे का? आणि देशात आता सरासरी दोनच मुले होत असतील, तर लोकसंख्या अजूनही का वाढते आहे? मुलांकडून ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींवरून एखादा प्रकल्प करून घ्यावा असेही मनात आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सांख्यिकी कर्मचारी (चिपळूण)

गुरुजी, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन गोष्टींनी बदलते. जगाचा हिशेब करताना तिसरी गोष्ट गळून पडते, भारतासारख्या मोठ्या देशाच्या हिशेबात ती किरकोळ ठरते. पण जिल्ह्याच्या आणि त्याहूनही वाडीच्या पातळीवर तीच बाकीच्या दोघींना झाकून टाकते. पुस्तक जगाची आणि देशाची गोष्ट सांगते, मुलगी वाडीची विचारते. दोघांचेही खरे आहे.

२००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती; २०११मध्ये ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५वरून ८,४९,६५१वर आला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला आणि ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता) ३६ टक्क्यांनी. ठाण्यातील सगळी वाढ कोकणाची आहे असे मुळीच नाही, परंतु नालासोपारा, विरार, दिवा किंवा बदलापूर येथील कोणत्याही चाळीत चौकशी केली तर खेड, मंडणगड, लांजा, राजापूरची माणसे भेटतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही त्या दशकात साडेसात टक्क्यांनी घटली, हे मुलांना जरूर सांगा, म्हणजे घट ही केवळ खेड्यांची गोष्ट नाही हे त्यांच्या लक्षात येईल. गिरणगावातील भाडी परवडेनाशी झाल्यावर आपलीच माणसे लालबाग-परळहून उपनगरांत आणि त्याही पलीकडे सरकली.

स्त्री-पुरुष प्रमाणाबद्दल मुलांचा समज चुकीचा आहे. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात आणि कोकण त्याला अपवाद नाही. २०११मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, पण त्याच जिल्ह्यात ० ते ६ या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली हजारापेक्षा कमीच होत्या. मधल्या वयातील पुरुष मुंबईत मोजले गेल्यामुळे इथले प्रमाण स्त्रियांकडे झुकते. जनगणना ज्याचे नेहमीचे राहणे जिथे, तिथे त्याची नोंद करते. शिमगा-गणपतीला येणारा चाकरमानी गावच्या यादीत येत नाही, त्याने घरपट्टी कितीही निष्ठेने भरली तरी. आणखी एक बारकावा असा की २००१मध्ये हेच प्रमाण १,१३६ होते. पूर्वी पुरुष एकटा जाई आणि बायकोमुले गावी राहत. आता बिऱ्हाडासकट जाण्याचे प्रमाण वाढले आहे. त्यामुळे प्रमाण किंचित उतरते आणि शाळेचा पट मात्र झपाट्याने उतरतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर एक पूर्ण तास खर्च करावा असे मला वाटते. आधी वाढ का झाली ते पाहू. अधिक मुले जन्माला येऊ लागली म्हणून विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या वाढली, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. बायकांना मुले पूर्वीही पाच-सहा, सात-आठ होत. ती जगत नव्हती. १९११मध्ये देशाची लोकसंख्या २५.२ कोटी होती आणि १९२१मध्ये २५.१ कोटी, कारण प्लेग, दुष्काळ आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी जन्मांची भरपाई होऊ दिली नाही. पुढे साथी आटोक्यात आल्या, देवीची लस सर्वदूर पोहोचली, मलेरियाविरोधी फवारणी, प्रतिजैविके आली. मृत्युदर खाली आला आणि जन्मदर मात्र काही दशके जिथल्या तिथे राहिला. त्या दोहोंमधील अंतर म्हणजेच १९५१चे ३६ कोटी ते २०११चे १२१ कोटी हा प्रवास. या वाढीला 'विस्फोट' म्हणताना ती मुळात लेकरे जगू लागल्याची खूण होती, हे वर्गात कुणीतरी सांगायला हवे.

जन्मदरही यथावकाश उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३मध्ये दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती, २०१९-२१मध्ये ती २.० झाली; महाराष्ट्रात १.७. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने घेण्यासाठी साधारण २.१ लागतात. तरीही वाढ थांबत नाही याचे कारण वयोरचनेत आहे, आणि ते फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येते. एका गावात साठीपुढची १०० माणसे, तीस ते साठ वयाची २०० आणि तिशीच्या आतली ३०० आहेत असे धरा, एकूण ६००. आजपासून प्रत्येक पिढी नेमकी स्वतःइतकीच मुले जन्माला घालेल, असेही धरा. तीस वर्षांनी आजचे १०० वृद्ध नसतील, २०० जण साठीपुढे गेलेले असतील, ३०० मधल्या वयात आणि त्यांची ३०० मुले, एकूण ८००. आणखी तीस वर्षांनी ३००, ३०० आणि ३००, म्हणजे ९००. कुणीही दोनपेक्षा अधिक मुले होऊ दिली नाहीत आणि तरी गाव दीडपट झाले. भारत आज याच टप्प्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६०च्या दशकात सुमारे १७० कोटींवर पोहोचून मग उतार सुरू होईल.

आता याच गावातून तिशीच्या आतल्या ३०० पैकी २०० जणांना मुंबईला पाठवा आणि पुन्हा हिशेब मांडा. तुमच्या विद्यार्थिनीची वाडी फळ्यावर उतरेल.

आरोग्यसेविका (देवगड तालुका)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. जन्मनोंदींच्या प्रकल्पाबद्दल मात्र सावध करते, कारण त्या वह्यांशी माझा रोजचा संबंध आहे. कायद्याने जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला राहणारी लेक सातव्या महिन्यात इथे येते, बाळाची नोंद इथे होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ आईबरोबर परत जाते. लसीकरणाच्या कार्डावर दीड महिन्याच्या डोसची खूण आमची असते, पुढच्या रकान्यांत दुसऱ्याच केंद्राचा शिक्का. उलट, इथेच राहणाऱ्या पण जोखमीच्या गरोदर बाईला आम्ही मोठ्या रुग्णालयात पाठवतो. सिंधुदुर्गातून तर कित्येक जणी थेट गोव्यात बांबोळीला जातात, आणि त्या बाळांचा जन्म तिकडच्या वहीत लागतो. केवळ ग्रामपंचायतीचे आकडे धरून मुलांनी आलेख काढला तर तो सुबक दिसेल आणि चुकीचा असेल.

प्रजननाच्या भागाबद्दल थोडे लिहिते, कारण अनेक शाळांत तो "घरी वाचून या" म्हणून सोडला जातो आणि मग लग्नानंतर तेच अज्ञान आमच्यासमोर येऊन बसते. स्त्रीच्या शरीरात साधारणपणे महिन्याला एक बीजांड पक्व होऊन बाहेर पडते, बहुधा पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. ते जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम असते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे एका महिन्यात गर्भधारणा होऊ शकेल असे दिवस फार तर सहा. आता आमच्याकडची स्थिती पाहा. नवरा मुंबईला किंवा बोटीवर, बायको गावी सासूसासऱ्यांजवळ, आणि वर्षभरातील सहवास म्हणजे गणपतीची सुट्टी, शिमग्याचे चार दिवस आणि मे महिन्यातील आठवडा. ती सुट्टी त्या सहा दिवसांत पडलीच नाही, तर मूल होणार कसे? तरीही लग्नाला वर्ष झाले की "हिला काही होत नाही" म्हणून सासू सुनेला घेऊन येते, आणि देवाला कौल लावून झालेला असतो तो वेगळाच. वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्याच मुळी बारा महिने नियमित संबंध असूनही गर्भ न राहणे अशी आहे. त्यातील 'नियमित' या शब्दाकडे कुणी बघत नाही. तपासणीची वेळ आलीच, तरी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे असते किंवा त्याचाही वाटा असतो, आणि वीर्यतपासणी ही सर्वांत साधी, स्वस्त तपासणी असूनही ती सर्वांत शेवटी होते.

नियोजनाच्या बाबतीतही भार एकीकडेच आहे. भारताने १९५२मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. इतक्या वर्षांनंतर २०१९-२१च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, पोट उघडावे लागत नाही आणि त्याने अशक्तपणा येत नाही. फक्त त्यानंतर सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून मग तपासणी करून घ्यायची असते. हे दहावीतील मुलग्यांच्या कानावर पडले, तर पुढे निदान वाद घालण्यापुरती माहिती तरी त्यांच्याकडे असेल.

हर्णै बंदर (दापोली तालुका)

दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण त्यातून "कोकणाला लोकसंख्यावाढीचा प्रश्नच नाही" असा अर्थ निघू नये. माणसे इथे राहत नसली तरी त्यांची मागणी इथे पोहोचते. हर्णैच्या लिलावात जाणारी सुरमई आणि पापलेट आमच्या वाडीसाठी थोडीच असते? ती मुंबईला आणि परदेशी जाते, आणि त्या मागणीपायी मोठ्या यांत्रिक नौका, एलईडी दिव्यांची मासेमारी आणि लहान पिल्ले ओढून नेणारी बारीक आसाची जाळी आली. जून-जुलैची बंदी माशांच्या प्रजननकाळासाठी आहे. तिचे पालन जेवढे व्हावे तेवढे होत नाही. तिकडे ठाणे आणि वसईच्या खाड्यांतील खारफुटी वस्तीच्या भरावाखाली गेली, आणि अनेक मासे व कोळंबी लहान असताना खारफुटीतच वाढतात.

मात्र मेमधील टँकरचे खापर लोकसंख्येवर फोडू नका. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याच्या सड्यावरून आणि उतारावरून तो समुद्राला मिळतो. गावात माणसे दुप्पट होती तेव्हाही विहिरी आटत, आज माणसे कमी आहेत तरी आटतात.

जाता जाता: संततिनियमनाचा विषय वर्गात काढायला संकोच वाटत असेल, तर आमच्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून सुरुवात करा. त्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि या कामापायी १९२५मध्ये विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडली. त्यांचा भर देशाच्या आकड्यांपेक्षा स्त्रीच्या आरोग्यावर आणि इच्छेवर होता.

खाडीकाठचा शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. ६००, ८०० आणि ९०० हे उदाहरण मी उद्याच घेणार आहे. दोन शंका उरतात. प्रजननाचा पाठ मुलगे आणि मुली वेगळे बसवून घ्यावा, असे काही पालकांचे म्हणणे आहे. ताई, तुमचा अनुभव काय सांगतो? आणि जन्मनोंदी बाद केल्या, तर प्रकल्प कशाचा करावा?

आरोग्यसेविका (देवगड तालुका)

गुरुजी, पाठ एकत्रच घ्या. मुलींना वेगळे बसवून पाळीची माहिती देण्याची रीत जुनी आहे; तिच्यामुळे मुलग्यांना काहीच कळत नाही आणि पुढे तेच नवरे होतात. एकत्र तासानंतर पंधरा मिनिटे मुलींसाठी निराळी ठेवा आणि तेव्हा जवळच्या उपकेंद्रातील सेविकेला बोलवा. वर्गात विचारता न येणारे प्रश्न तिथे निघतात. चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहून टाकण्याची सोय मात्र दोघांसाठीही करा. पालकांच्या सभेत हा पाठ शासनाच्या पाठ्यपुस्तकातला आहे एवढे शांतपणे सांगितले, तर बहुतेकांचा विरोध मावळतो.

निवृत्त सांख्यिकी कर्मचारी (चिपळूण)

प्रकल्पासाठी घरोघरची पाहणी करा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाडीतील घरांची यादी करावी आणि तीन रकाने आखावेत: वर्षातून सहा महिन्यांहून अधिक काळ इथे राहणारी माणसे, घराच्या नावावर असलेली पण बाहेर राहणारी माणसे, आणि कुलूपबंद घर. पहिल्या दोन रकान्यांत वय आणि स्त्री-पुरुष एवढेच नोंदवावे. नावे, जात, उत्पन्न यांपैकी काही विचारू नये. पाच-पाच वर्षांचे गट पाडून दोन्ही रकान्यांचे वयोमनोरे (प्रत्येक वयोगटातील पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला दाखवणारे आडव्या पट्ट्यांचे आलेख) शेजारी शेजारी काढले, की वाडीतील मनोरा मधल्या वयांत कसा रोडावतो आणि बाहेरचा तिथेच कसा फुगतो, हे मुलांना आपोआप दिसेल. आजीला किती भावंडे होती आणि त्यातली किती जगली, हा एक प्रश्न जोडल्यास मृत्युदराचा इतिहासही घरातूनच हाती येईल. मात्र तो विचारताना मुलांनी जरा जपून विचारावे. पाहणी मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवू नका, चाकरमानी आलेले असतात आणि आकडे फुगतात. लावणी आटोपल्यावर, श्रावण लागण्याच्या सुमारास केलेली बरी; तेव्हा माणसे घरी सापडतात.