भाजीत कालवलेली गोळी: हा उपचार की उपचाराच्या वाटेतला धोंडा?

(एक चर्चा. प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कडूलिंब

डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची २५० मिलिग्रॅमची गोळी दोन चमच्यांत दाबली की पिठासारखी होते. पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून आमटीऐवजी पिठल्यात नाहीतर कालवलेल्या भातात घालतात. जेवणाऱ्याला पत्ता नसतो. औषध चिठ्ठीवरचं, पण ओळखीच्या दुकानातून स्ट्रिप मिळते, आणि ‘वहिनी, रोज अर्धी घाला, आपोआप सुटेल’ हा सल्ला वर फुकट.

माझं म्हणणं: नकळत गोळी देणं बंद व्हायला हवं, आणि त्याला ‘घरगुती उपचार’ म्हणणंही.

शरीरात दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग तेही मोडतं. ही गोळी दुसरी पायरी अडवते. मग प्यायल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. असा माणूस रात्री कॅज्युअल्टीत येतो तेव्हा बरोबरचे गप्प बसतात, कारण ‘आम्ही खायला घातलं’ हे पोलिसांच्या कानावर जाईल ही भीती. डॉक्टरला वाटतं, हार्ट अटॅक, किंवा नुसताच जास्त प्यायलाय. गोळी पोटात आहे हे कळायला मार्गच नाही.

त्यातून वाचला आणि खरं कळलं, तर तो घरचं जेवण सोडतो. दारू सोडत नाही.

सातबारा

शहरात बसून लिहायला सोपं आहे. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिल्हा रुग्णालयाची ओपीडी ठरल्या वारी. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. आणि तो यायलाच तयार नाही. ‘मला काय झालंय? माझ्या पैशाची पितो.’ रात्री भिंतीवर आपटणारं डोकं बाईचं असतं. तिने त्याच्या संमतीची वाट किती वर्षं बघायची?

आणि गोळी चालते. मुंबईत १०० पुरुषांवर वर्षभर अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डायसल्फिराम घेणाऱ्यांतले ८६ टक्के वर्षअखेर दारूपासून लांब होते, नाल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध घेणारे ४४ टक्के. हे आकडे पुसून टाकणार का?

कडूलिंब

आकडे बरोबर आहेत, वाचन उलटं आहे. त्या अभ्यासात गोळी घरच्या माणसाच्या देखरेखीत होती, पण घेणाऱ्याला माहीत होतं की आपण काय गिळतोय. दारूच्या दुकानासमोरून जाताना त्याला आठवतं, ‘सकाळी गोळी घेतलीय, आज प्यायलो तर मेलो’, आणि तो पुढे निघून जातो. म्हणजे हे औषध काम करतं ते भीतीतून. ज्याला ठाऊकच नाही त्याला कसली भीती? तो पिणारच. तुमच्या गोळीतून फक्त शिक्षा उरते, आणि तीही कशाची ते त्याला कळत नाही.

तिसरा प्रहर

दोघांनाही बाजूला ठेवून जरा हाडांच्या वॉर्डात चला. खरा अडथळा तिथे दिसतो.

माणूस मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर विचारतात, दारू? नातेवाईक म्हणतात, ‘कधीमधी.’ मग दाराशी गाठून हळूच: ‘साहेब, दारूचं लिहू नका, क्लेम जाईल.’ हे खोटंही नाही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींच्या अपवादांत दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम लिहिलेले असतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा हवा. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

तर केस पेपरवर दारू नाही. शेवटचा पेग रविवारी दुपारी. रात्री हात थरथरतात, सिस्टरला वाटतं दुखतंय. सोमवारी फिट येऊ शकते. मंगळवार-बुधवारी तो चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायला लागतो, प्लास्टरचा पाय घेऊन उठू पाहतो, सलाईन उपसतो. हा डिलिरियम, दारू एकदम तुटल्याने होणारा भ्रम. उपचार न झाल्यास यात माणसं दगावतात. पहिल्याच दिवशी ‘रोज तीन क्वार्टर’ एवढं लिहिलं असतं, तर क्लोरडायझेपॉक्साइड हे दारू तुटतानाचा त्रास आवरणारं औषध सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत आणता आलं असतं. लिव्हर खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम.

वर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजची बाटली चढते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा आधीच खडखडाट. ग्लुकोज वापरायला शरीराला बी-१ लागतं, उरलंसुरलं तेही संपतं, आणि मेंदूला इजा होते: डोळे नीट फिरत नाहीत, चाल झोकांडते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. लोक म्हणतात, ‘अजून उतरली नाही.’ थायामिनचं, म्हणजे बी-१ चं, इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत, गेलं पाहिजे. महागडं औषध नाही हो ते. अडतं ते विचारण्यावर.

रोखठोक

एवढं कशाला? गाडी पाठवायची, चार पोरं, उचलून व्यसनमुक्ती केंद्रात. ९० दिवस बाहेरचं तोंड दिसलं नाही की सुतासारखा सरळ होतो. गोड बोलून सुटलेला बेवडा दाखवा.

उंबरठा

रोखठोक, तुम्ही ज्याला उपाय म्हणताय त्याला कायद्यात अटी आहेत. दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या कायद्यात येतात, हे केंद्रचालकही विसरतात.

संमती नसताना भरती करायची तर कलम ८९. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा हवा. दोघांनी स्वतंत्र तपासायचं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर. कारणही तीनच प्रकारचं चालतं: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा तिची धास्ती, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने धोका. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. पुढे ठेवायचं तर कलम ९०, पुन्हा तपासणी. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. जबरीने डोकं भादरायलाही बंदी, आणि ते कायद्यात मुद्दाम लिहावं लागलं यातच सगळं आलं. नोंदणी नसलेलं केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार दंड.

आता ९० दिवसांचं. महिनाभर बंद कोंडल्यावर दारूची सहनशक्ती उतरते, आणि हेरॉइन-गर्दवाल्यांची तर फारच. बाहेर पडलेला माणूस जुन्या मापाने घेतो आणि मरतो. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे सगळ्यांत धोक्याचे. तेव्हा तुमची चार पोरं कुठे असतात?

रोखठोक

कायदा पाठ आहे, अभिनंदन. तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ दाखवा, मग कलम सांगा. आणि गर्दवाल्यांना ती जिभेखालची गोळी वर्षानुवर्षं देतात, तो उपचार होय? एक नशा सोडवून दुसरी, सरकारी खर्चाने.

उंबरठा

बुप्रेनॉर्फिन. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत ओसरतो, मग तो माणूस सुई, पैसा, चोरी या चक्रात फिरतो. बुप्रेनॉर्फिन दिवसभर टिकतं, एका मर्यादेपुढे त्याची धुंदी वाढत नाही, आणि श्वास बंद पडण्याचा धोका खूप कमी असतो. तो सकाळी गोळी घेऊन कामावर जातो. मधुमेहवाल्याला ‘किती वर्षं इन्सुलिन घेणार’ असं विचारून कुणी हिणवत नाही. बाकी तज्ज्ञाचा मुद्दा मान्य. तिथे तुमचं खरं आहे.

सातबारा

मी तेच म्हणतोय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार १८० मागे एकाला. उरलेल्या ३७ घरांना तुम्ही कलम ८९ वाचून दाखवणार? ती घरं पिठल्यात गोळी घालतात कारण दुसरं दारच उघडं नाही. आधी दार उघडा, मग गोळीवर बंदी घाला.

खाजण

दार उघडायचं तर ते तज्ज्ञाचंच का लागतं? गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६. हे लोक दारूसाठी आलेच नव्हते. अंग दुखतंय, झोप नाही, म्हणून केसपेपर काढून रांगेत बसले होते. तिथे प्रश्नावली भरून घेतली.

तिसरा प्रहर

खाजण, एक गोष्ट तुम्ही गाळलीत. त्या चाचणीत ऑडिट या पिण्याचा धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीत (जास्त गुण, जास्त धोका) १२ ते १९ गुण असलेले होते. २० च्या वरचे, म्हणजे सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्यांचा पेला हातात ठरत नाही, ते त्यात नव्हते. सातबारांच्या गावातला तो माणूस बहुधा दुसऱ्या गटातला. चार गप्पांनी त्याचं भागणार नाही.

पण १२ ते १९ वाल्यांना आपल्याकडे कुणी विचारतच नाही. ते २० च्या वर जाईपर्यंत सगळे थांबतात आणि मग म्हणतात, ऐकत नाही. त्यात दर वर्षी श्रावण येतो. गटारीला पोटभर, दुसऱ्या दिवसापासून एकदम शून्य. ज्याचं शरीर सरावलंय त्याला ६ ते १२ तासांत कापरं भरतं, ४८ तासांच्या आत फिट, मग भास. घरचे म्हणतात ‘बाहेरचं लागलं’ आणि लिंबू उतरवतात. ज्याला यातलं काही होत नाही तो छाती पुढे काढतो: श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही. पुढचे अकरा महिने तीच पावती दाखवतो. माळ घालणाऱ्यांचंही असंच. श्रद्धेवर बोलत नाही, तिने कित्येकांना उभं केलंय. पण रोज पिणाऱ्याने माळ घालायच्या आधी डॉक्टर गाठावा, हे कीर्तनातूनच सांगितलं गेलं तर आमच्या पोस्टरांपेक्षा जास्त पोचेल.

सातबारा

बरं. सगळं मान्य केलं असं धरू. ती बाई आज संध्याकाळी काय करेल ते सांगा. आज.

कडूलिंब

आज संध्याकाळी काहीच नाही. तो प्यायलेला असताना बोलू नये, बाटली ओतून देऊ नये. सकाळी थरथरणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडणं धोक्याचं, ते वर आलंच आहे. मारहाण असेल तर ११२, आणि महिला मदतीसाठी १८१. तो व्यसनी आहे म्हणून मार खायचा, असं कुठल्या उपचारात लिहिलेलं नाही.

उद्या तिने एकटीने फोन करावा: १४४१६ टेलि-मानस, किंवा १४४४६ व्यसनाची हेल्पलाइन. रुग्ण सोबत लागत नाही. चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का, कुठली औषधं चालू आहेत.

त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, आणि ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द न काढता. त्याचं जे दुखणं त्याला मान्य आहे तिथून सुरुवात: तळपायाची आग, पित्त, झोप. ‘लिव्हर तपासून घेऊ’ याला नकार कमी मिळतो.

तो तयार झाला आणि डॉक्टरने डायसल्फिराम दिलं, तर उघड द्या. आधी लिव्हरची तपासणी आणि हृदयाची विचारपूस. शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास गेलेले हवेत. सकाळी तिच्यासमोर तीच गोळी, तोच चमचा, पाण्यात ढवळून, त्याच्या हाताने. दोन आठवड्यांनी लिव्हर पुन्हा. गोळी थांबवली तरी १४ दिवसांपर्यंत पिऊ नये. खोकल्याची काही औषधं आणि दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टं टाळायची, त्यांत दारूच असते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल तर बिलकूल नको, दोन्ही मिळून भ्रम होतो.

सातबारा

तो तयार नाही झाला तर?

कडूलिंब

तर ती फोन चालू ठेवते आणि आपली सोय बघते. भातात गोळी तरीही नाही.

सातबारा

इथे आपलं जमणार नाही. तिच्या जागी असतो तर मी घातली असती, आणि कॅज्युअल्टीत खरं सांगितलं असतं. निदान तेवढं तरी लोकांना शिकवा.

उंबरठा

तेवढं नक्की. कॅज्युअल्टीत गोळीचं नाव सांगा, उपचार त्यावर ठरतात.

उघड घेणाऱ्यांसाठी एक भर. डायसल्फिराम चालू असल्याचं कार्ड खिशात ठेवायला देतात. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘व्यसनमुक्ती’ छापलेलं असेल तर ते पहिल्या दिवशी कपाटात जातं, कारण पाकीट मित्रांसमोर उघडतं. ‘या रुग्णास अल्कोहोल व मेट्रोनिडाझोल वर्ज्य’ आणि औषधाचं नाव, एवढंच लिहून द्या. अॅलर्जीच्या कार्डासारखं दिसतं, मग ते पाकिटात राहतं.